कूलर बदलल्यानंतर संगणकाची तपासणी कशी करावी?

आज किराणा दुकानापासून छापखान्यापर्यंत आणि शिलाईच्या कारखान्यापासून फोटो स्टुडिओपर्यंत सर्वत्र संगणक पोहोचला आहे. जीएसटीचा हिशेब, उधारीची वही, लग्नपत्रिकांचे मजकूर, एम्ब्रॉयडरी मशीनच्या डिझाइन या सगळ्या गोष्टी त्यातच असतात. अशा ठिकाणी संगणक एक दिवस बंद राहिला तरी धंद्याचे नुकसान होते. ईदच्या किंवा लग्नसराईच्या हंगामात तो बंद पडला तर ऑर्डर हातची जाते आणि गिऱ्हाईकही तुटते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागांच्या गावांत सुताचे बारीक तंतू हवेत उडत असतात. ते संगणकाच्या कूलरमध्ये जाऊन बसतात आणि त्यांचा नमदा तयार होतो. सुतारकाम, कटलरी आणि पिठाच्या गिरणीजवळच्या दुकानांतही भुशाचा आणि धुळीचा तोच परिणाम होतो. पंखा घरघर करू लागतो, संगणक तापतो, मंद होतो आणि शेवटी कूलर बदलावा लागतो. काम छोटे असते आणि खर्चही फार नसतो. पण बऱ्याच ठिकाणी असे घडते की कूलर बदलून आणलेला संगणक दोन दिवसांत बिघडतो. कधी पडदा काळा राहतो, कधी मेमरी निम्मीच दिसते, तर कधी काम करता करता तो आपोआप बंद होतो. मग "मदरबोर्ड गेला, नवा टाका" असा सल्ला मिळतो आणि गिऱ्हाईक निमूटपणे पैसे मोजतो.

खरोखर काही गेले आहे की नुसती एक वायर जोडायची राहिली आहे, हे दुकानदाराला स्वतःला पाहता आले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी बरेच जण संगणक दुरुस्तीचाच व्यवसाय करतात, त्यांनाही या क्रमाचा उपयोग होईल. म्हणून हा विषय आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

कूलरचे काम काय?

आपल्याकडे संगणकाच्या सबंध डब्यालाच सीपीयू म्हणण्याची पद्धत आहे. या लेखात डब्याला आम्ही कॅबिनेट म्हणू आणि त्यातील मुख्य चिपला प्रोसेसर म्हणू. प्रोसेसर मदरबोर्डवरील सॉकेटमध्ये बसतो. दुकानातील साधारण प्रोसेसर 65 वॉटच्या वर्गातला असतो आणि ही वीज जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. नखाएवढ्या जागेतून निघणारी ही उष्णता ओढून घेण्यासाठी त्यावर अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पंख्यांसारख्या पात्यांचा ठोकळा दाबून बसवतात आणि त्यावर पंखा लावतात. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात, त्या भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "कूलर नीट बसला नव्हता म्हणून प्रोसेसर जळाला" असे नेहमी ऐकू येते. 2000 सालच्या सुमारास आलेल्या काही एएमडी अॅथलॉन प्रोसेसरांच्या बाबतीत ते खरे होते. कूलर काढला की ते काही सेकंदांत जळत. आजच्या प्रोसेसरमध्ये मात्र तापमान मोजण्याची सोय आतच असते. मर्यादा जवळ आली की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागले नाही तर संगणक बंद करतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत ही मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एएमडीच्या रायझेनमध्ये साधारण 90 ते 95 अंश असते. म्हणून कूलर बदलल्यावर होणारे नुकसान बहुतेक वेळा उष्णतेने होत नाही. ते हाताने, पान्याने, स्क्रू-ड्रायव्हरने आणि घाईने होते.

नुकसान कोठे होते?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पिना. 2016 साली आलेल्या एएमडीच्या एएम-4 प्रकारात 1331 पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. सॉकेटची दांडी लावलेली असली तरी ती प्रोसेसरला वरच्या ओढीविरुद्ध घट्ट धरून ठेवत नाही. जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटलेली असेल आणि कूलर सरळ वर खेचला तर प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो. त्यात पिना वाकतात, कधी तुटतात. यावर उपाय सोपा आहे. कूलर काढण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावा, मग वीज तोडावी, कूलर डावीकडे-उजवीकडे हळूच फिरवून सैल करावा आणि नंतर उचलावा.

इंटेलच्या 2004 पासूनच्या टेबलावरील संगणकांत आणि एएमडीच्या 2022 सालच्या एएम-5 प्रकारात पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. तेथे लोखंडी पट्टी प्रोसेसरला दाबून धरते, त्यामुळे तो उपटून येत नाही. पण कोणी पट्टी उघडून प्रोसेसर बाहेर काढला आणि परत ठेवताना तो निसटला, किंवा पुसताना कापडाचा धागा अडकला, तर केसासारख्या या पिना वाकतात. नुसता कूलर बदलायचा असेल तर ही पट्टी उघडण्याची गरजच नसते.

दुसरी जागा म्हणजे मदरबोर्डचा पृष्ठभाग. क्लिप दाबताना स्क्रू-ड्रायव्हर निसटला तर हिरव्या किंवा काळ्या थराखालची तांब्याची बारीक रेघ कापली जाते, किंवा सॉकेटभोवतीचा एखादा चिमुकला भाग उडून जातो. तिसरी गोष्ट दाबाची. एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा आवळला तर बोर्ड वाकतो आणि प्रोसेसर तिरका दाबला जातो. चौथी गोष्ट पेस्टची. बाजारातील पांढरी किंवा राखाडी साधी पेस्ट वीज वाहून नेत नाही, जास्त झाली तरी घाण होते एवढेच. पण द्रवरूप धातूची पेस्ट वीज वाहते. तिचा थेंब बोर्डवर पडला तर शॉर्ट होतो आणि तिच्यातील गॅलियम अॅल्युमिनियमच्या कूलरला खाऊन टाकते. दुकानाच्या संगणकाला अशी पेस्ट लावूच देऊ नये.

चालू करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बंद संगणक डोळ्यांनी पाहावा, मग चालू करून पाहावा आणि सर्व ठीक वाटल्यावरच त्याला ताण देऊन पाहावे.

संगणक चालू होत असेल तर सर्वांत आधी हिशेबाच्या फायली, डिझाइन आणि गिऱ्हाइकांचे काम पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. मग संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटन पाच-सहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. नायलॉनच्या कपड्यांत आणि गालिच्यावर बसून हे काम करू नये.

आता कॅबिनेट उघडून चांगल्या उजेडात पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. कूलर हलतो का? इंटेलसोबत येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या असतात आणि प्रत्येकीचा टक् असा आवाज यावा लागतो. बोर्डच्या मागच्या बाजूने पाहिल्यास चारही टोके सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक जरी अर्धवट असेल तरी कूलर तिरका बसतो. आमच्या माहितीप्रमाणे कूलर बदलल्यानंतरच्या तक्रारींचे हे फार मोठे कारण आहे.

2. पंख्याची वायर कोठे जोडली आहे? बोर्डवर "सीपीयू फॅन" असे लिहिलेल्या जागीच ती हवी. दुसऱ्या जागी जोडली तर पंखा फिरतो, पण संगणक सुरू होताना "सीपीयू फॅन एरर" असा संदेश येऊन अडतो. हा बिघाड नव्हे. कोणतीही वायर पंख्याच्या पात्यात अडकत नाही ना, हेही पाहावे.

3. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ खिळ्यांची वायर जोडली आहे का? हात घालायला जागा हवी म्हणून ती काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. अशा वेळी पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काहीच येत नाही.

4. मेमरीच्या पट्ट्या आणि ग्राफिक कार्ड आपल्या खाचेत पूर्ण बसले आहेत का? मोठा कूलर बसवताना हात लागून ते सैल होतात.

5. सॉकेटभोवती नवा ओरखडा, उडालेला भाग किंवा बोर्डखाली सांडलेला स्क्रू आहे का? मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. डोळ्यांना जे दिसत नाही ते फोटोत दिसते.

पडदा काळा राहिला तर

वरील सर्व ठीक असूनही पडद्यावर काही येत नसेल तर घाबरून जाऊ नये. मॉनिटरची वायर योग्य जागी आहे का, हे आधी पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "एफ" असते त्यात ग्राफिकची सोय नसते. त्याची वायर ग्राफिक कार्डलाच लावावी लागते, बोर्डला लावल्यास पडदा काळाच राहतो.

त्यानंतर मेमरीची एकच पट्टी ठेवून, ती एकेका खाचेत लावून पाहावी. पट्टीचे सोनेरी टोक साध्या खोडरबराने हलके पुसून घ्यावे. मग बोर्डवरील सीआर-2032 ही गोल बॅटरी प्लग काढलेल्या अवस्थेत पाचएक मिनिटे बाहेर ठेवून परत बसवावी, म्हणजे जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात. एएम-5 प्रकारच्या बोर्डात यानंतर पहिल्यांदा चालू करताना मेमरीची ओळख पटवण्यास काही मिनिटे लागतात आणि तोवर पडदा काळाच असतो. तेव्हा धीर धरावा, मध्येच बटन बंद करू नये.

बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डी-रॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे असलेले चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो तेथे अडचण आहे असे समजावे. सीपीयूचा दिवा लागून राहिला तर प्रोसेसर, त्याची वीज किंवा पिना यांच्याकडे संशय जातो. अशा वेळी कूलर काढून प्रोसेसर पाहण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम सवयीच्या माणसाकडूनच करवून घ्यावे. एएम-4 ची एखादी थोडी वाकलेली पिन पातळ पात्याने किंवा लेड-पेन्सिलच्या पोकळ टोकाने हळूहळू सरळ करता येते. सॉकेटमधील पिना सरळ करण्यासाठी भिंग, सुई आणि पक्का हात लागतो, आणि हे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही.

तापमान काय सांगते?

संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही. सुरू करतानाच डिलीट किंवा एफ-2 ही कळ दाबून बायोसमध्ये जावे. तेथे प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. फेरे शून्य दिसत असतील तर तत्काळ बंद करावे. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण आराम करीत नाही, म्हणून तेथील आकडा विंडोजमधील आकड्यापेक्षा थोडा जास्त असतो.

विंडोज सुरू झाल्यावर एचडब्ल्यू-मॉनिटर, एचडब्ल्यू-इन्फो किंवा कोअर-टेम्प यांपैकी एक फुकट मिळणारी प्रणाली टाकून तापमान पाहावे. खोलीत 30 ते 35 अंशांची उष्णता असताना 65 वॉटच्या वर्गातील साधा प्रोसेसर काही काम नसताना 40 ते 50 अंशांवर असावा. बिलिंग, टंकलेखन अशा हलक्या कामात तो 60 च्या आगेमागे आणि भारी कामात 70 ते 85 अंशांपर्यंत गेला तर चिंतेचे कारण नाही. मोठे, महागडे प्रोसेसर याहून जास्त तापतात. एएम-5 मधील काही प्रोसेसर तर भारी कामात 95 अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले असतात.

नुसता आकडा पाहून भागत नाही, तो कसा चढतो हेही पाहावे. भारी काम सुरू करताच दोन-चार सेकंदांत 95 च्या वर उडी मारली तर कूलर आणि प्रोसेसर यांचा संपर्क नीट नाही असे समजावे. खुंटी निघालेली असते, पेस्ट नसते, किंवा नव्या कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक काढायचे राहिलेले असते. याउलट तापमान सावकाश दहा-पंधरा मिनिटे चढतच राहिले तर संपर्क ठीक आहे, पण हवा खेळत नाही. अशा वेळी कॅबिनेटच्या जाळ्या साफ कराव्यात आणि ते भिंतीपासून दूर ठेवावे.

दोन्ही प्रकारांत कूलर काढून परत बसवावा लागला तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. मध्यभागी तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पेस्ट साधारणपणे पुरते.

ताण देऊन तपासणे

येथपर्यंत सर्व ठीक असेल तर ओसीसीटी किंवा प्राइम-95 यांसारख्या प्रणालीने प्रोसेसरला अर्धा तास पूर्ण कामाला लावावे आणि तापमानावर नजर ठेवावी. पहिली दहा मिनिटे संगणकासमोरून उठू नये. अर्ध्या तासात संगणक बंद पडला नाही, निळा पडदा आला नाही, प्रणालीने चूक दाखवली नाही, तर प्रोसेसर आणि त्याचा वीजपुरवठा शाबूत आहे असे मानण्यास हरकत नाही.

यानंतर मेमरी. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात मेमरी उघडून पूर्ण आकडा दिसतो का, हे पाहावे. 16 जीबीच्या ठिकाणी 8 दिसत असतील तर पट्ट्यांची अदलाबदल करावी. दोन्ही पट्ट्या एकट्या चालतात, पण ठराविक खाचेत कोणतीच चालत नाही, असे आढळले तर दोष पट्टीचा नाही. तो खाचेकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या मार्गातला आहे. वाकलेली पिन हे त्याचे एक कारण असते. मात्र मदरबोर्ड बदलण्याआधी कूलरचे स्क्रू थोडे सैल करून, समोरासमोर, सारखेच आवळून पाहावेत. पुष्कळदा असमान दाब हेच कारण निघते आणि हरवलेली मेमरी परत येते. शेवटी मेमटेस्ट-86 ही चाचणी पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावी. तिच्यात एकही चूक येता कामा नये.

आणखी एक जागा आहे, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम या नोंदी उघडाव्यात. तेथे "डब्ल्यूएचईए-लॉगर" या नावाच्या नोंदी वारंवार येत असतील तर यंत्रभागातील चूक संगणकाने स्वतःच नोंदवली आहे. "कर्नल-पॉवर 41" ही नोंद फक्त एवढेच सांगते की संगणक अचानक बंद झाला होता. वीज गेली तरी ती येते. म्हणून नोंदींची तारीख आणि वेळ पाहावी. कूलर बदलण्याच्या आधीपासून त्या येत असतील तर दोष जुना आहे आणि तो दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

दोष प्रोसेसरचा की बोर्डचा?

हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग अदलाबदलीचा आहे, पण त्यालाही दिशा आहे. पिना नीट पाहून घेतल्यावर संशयित प्रोसेसर त्याच प्रकारच्या चांगल्या बोर्डवर लावून पाहावा. दुसऱ्याचा चांगला प्रोसेसर संशयित बोर्डवर लावू नये. बोर्डवर शॉर्ट असेल तर चांगला भागही हकनाक जाईल. प्रोसेसर दुसऱ्या बोर्डवर चालला तर दोष बोर्डचा आहे हे समोरासमोर सिद्ध होते. ही चाचणी गिऱ्हाइकासमोर केल्याशिवाय "बोर्ड गेला" हा निकाल देऊ नये आणि गिऱ्हाइकानेही तो मान्य करू नये.

व्यवहार स्वच्छ ठेवावा

दुकानदार बंधूंनी संगणक दुरुस्तीला देताना त्याचा चालू अवस्थेतील फोटो घ्यावा. मेमरी किती आणि प्रोसेसर कोणता, हे पडद्यावर दिसेल असा तो असावा. परत घेताना तेच तेथेच पडताळावे आणि काढलेला जुना कूलर मागून घ्यावा. बिल जरूर घ्यावे आणि त्यावर केलेले काम व दिलेली हमी लिहून घ्यावी. इंटेल आणि एएमडीच्या पेटीबंद प्रोसेसरवर साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते, पण वाकलेल्या पिना आणि तुटफूट तिच्यात बसत नाही. म्हणजे हाताने झालेल्या नुकसानाची भरपाई कंपनी देत नाही, ती ज्याच्या हातून झाली त्याच्याकडूनच मिळू शकते आणि त्यासाठी कागद लागतो. वाद मिटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बंधूंनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. गिऱ्हाइकाचा संगणक ही त्याची अमानत असते, त्यात त्याचा हिशेब आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे काम असते. कूलर काढण्यापूर्वी आणि नंतर सॉकेटचा एकेक फोटो काढून ठेवल्यास खोट्या आरोपापासून आपलाच बचाव होतो. पिन वाकली तर ते त्याच वेळी सांगावे. लपवलेली पिन आठ दिवसांत स्वतःच बोलते. त्या वेळी गेलेला विश्वास मग कोणत्याही भावाने परत मिळत नाही.

या सर्व तपासणीला एक संध्याकाळ आणि मेमरीच्या चाचणीसाठी एक रात्र पुरते. हंगामाच्या ऐन गर्दीत संगणक बंद पडण्यापेक्षा हंगामापूर्वीची एक संध्याकाळ खर्च झालेली केव्हाही परवडते. आणि ज्यांच्या दुकानात सूत, भुसा किंवा पीठ उडते त्यांनी दर महिन्याला कॅबिनेट उघडून, पंखा बोटाने धरून, ब्रशने कूलर साफ करावा. म्हणजे नवा कूलर घेण्याचीच वेळ लवकर येणार नाही.